बिल्ल्याशिवायची सहा वर्षं

माझं नाव काळू, डोळखांबच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. शाळा चौथीपर्यंत, पुढं शाळाच नव्हती नि बाप बोलला, नांगराला अक्षरं लागत नायत. गाडी शिकलो भातसानगरला, धरणावरच्या जीपचा डायवर आमच्या पाड्याचा होता, त्यानं शिकवली, मग लहान गाडीचं लायसन काढलं. ही नव्वदच्या पुढची गोष्ट.

मग मुरबाडच्या जगनशेठनं मला मिनीबसवर ठेवला. टोकावड्यावरनं बायामाणसं उचलायची नि कारखान्यात सोडायची. मी पहिल्याच दिवशी बोललो, शेठ, भाड्याची माणसं न्यायची तर लायसनवर तशी नोंद पायजे, बिल्ला पायजे. शेठ हसला, बोलला, बिल्ला काय बस चालवतो काय रे, करू पुढच्या महिन्यात. काय सांगू तुमाला, डॉक्टरचा दाखला, फोटो, सगळं मी दोनदा तयार केलं, नि दोन्ही वेळेला शेठ बोलला, तू गेलास तर फेरी कोण मारील? अशी सहा वर्षं. चावी फेकून जायला पायजे होता मी, नाय गेलो, ती माझी चूक, ती मी कोणावर नाय टाकत.

मग ब्रेक धरीना. मी सांगितलं, बायजामावशीनं सांगितलं, ती रोजची पाशिंजर, तिला शेठ बोलला, भीती वाटते तर उतर नि चालत जा. चारच दिवसांनी टोकावड्याच्या उतारावर म्हैस आडवी आली, मी ब्रेक दाबला तो तळाला गेला, गाडी भाताच्या खाचरात. बाकी सगळी वाचली, बायजामावशीचा पाय मोडला. हवालदार बोलला, बिल्ला दाखव. नि शेठ काय बोलला ठाव हाय? माझ्या तोंडावर बोलला, सायेब, यानं मला फसवला, बिल्ला हाय म्हणून सांगितलंन. ज्याच्या पोरीच्या लग्नाचं वऱ्हाड मी नेलं, तो माणूस!

कोर्टात मी खरं ते कबूल केलं. मग बायजामावशी काठी टेकीत उभी राहिली नि बोलली, बिल्ला नाय हे शेठला ठाव होता, ब्रेकचं म्या सोता सांगितलेलं. शिक्षा दोघांना झाली. माझं लायसन बंद पडलं.

ते परत सुरू झाल्यावर मी आरटीओत गेलो, आता बिल्ला काढणारच. खिडकीतला माणूस बरा होता, बोलला, काका, नवा नियम आलाय, आठवी पास लागतं, ज्यांचा बिल्ला आधीचा त्यांना ही अट नाय. आधीचा! सहा वर्षं हातात होती ना माझ्या. मी तिथल्या बाकड्यावर बसलो तो हापिस बंद होईस्तोवर उठलोच नाय.

आता नाचणी करतो, भात करतो. परवा शहापूरला एका लग्नात शेठ पुढं आला, हात पुढं केलान, बोलला, काळू, जुनं झालं आता. मी बोललो, तुझं झालं असंल. हात नाय दिला. मरो असं मी नाय बोलणार, देव त्याला शंभर वर्षं देवो, नि मुरबाडच्या दर बाजाराला मी त्याला समोर दिसो.