भाऊजींचं शंभर टक्के वनस्पती चूर्ण

तुम्ही मघापासून 'हर्बल, हर्बल' करताय म्हणून सांगते. माझ्या नणंदेचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, कळवणला अडुळशाचं चूर्ण विकतात. पाकिटावर छापलंय, 'शंभर टक्के वनस्पती'. घसा धरला की सासूबाई जावयाचंच चूर्ण खायच्या आणि मला ऐकवायच्या, "तुमच्या नाशिकच्या डॉक्टरांपेक्षा लवकर गुण येतो."

मी कॉलेजच्या लॅबमध्ये वनस्पतींचे अर्क तपासते, म्हणून भाऊजी पाकीट घेऊन आले. "वहिनी, एक सर्टिफिकेट द्या."

चूर्णाचा अर्क मी जंतू वाढवायच्या बशीत टाकला. दुसऱ्या दिवशी बघते तर अर्काभोवतीचे जंतू साफ! भाऊजींनी लगेच फोटो स्टेटसला टाकला. पण आमचा अडुळसा कधी एवढा दम दाखवत नाही. शंका आली म्हणून अर्कातले घटक वेगळे करून पाहिले, तर निघालं मेडिकलमध्ये मिळणारं अँटिबायोटिक.

"भाऊजी, यात गोळ्या कुटून घालता? आई विश्वासानं खातात हे!"

मला वाटलं, माणूस ओशाळेल. ते उलट माझ्यावरच चिडले.

"मग काय करू, वहिनी? नुसत्या पाल्यानं गुण आला नाही, तर आयुर्वेदाची बदनामी नाही का होणार?"