बाई आत अडकल्यावर

(समाजकार्य शिकवणाऱ्या कॉलेजातली सरावाची खोली. लाकडी चौकटीत एक खरं दार, दुसरी वाट नाही. घरभेटीची परीक्षा: शिकवणाऱ्या बाई घरातलं कुणीतरी बनून आत, शिकाऊ मुलगी बाहेर.)

बाई : अगं, कडी अडकलीय! ढकल बाहेरून!

शिकाऊ : आपल्याला अडकल्यासारखं वाटतंय. मी ऐकतेय हं.

बाई : वाटत नाहीये, अडकलेय! परीक्षा बंद. मी आता तुझी बाई म्हणून बोलतेय.

शिकाऊ : गेल्या आठवड्यात असंच म्हणालात. मी दार उघडलं, तर आत तुम्ही निवृत्त शिक्षिका झालेल्या! नापास केलंत मला.

बाई : तो सराव होता गं!

शिकाऊ : त्याआधी परदेशातून आलेले आजोबा झालात. तेव्हा म्हणालात, शहरात घराघराची रीत वेगळी, आधी विचारायचं. विचारते. आपल्याकडे दार कोण उघडतं?

बाई : जो बाहेर असेल तो! कार्टे, ये आत!

शिकाऊ : चप्पल काढून येऊ की घालून?

बाई : डोक्यावर घेऊन ये!

शिकाऊ : तुमच्यात तशी पद्धत आहे का?

सुतार : सरका ताई. शेजारच्या वर्गात बाक ठोकत होतो, तिथपर्यंत ऐकू आलं. फटीत ही पटाशी घातली की उघडेल.

शिकाऊ : थांबा काका! शेवटची परीक्षा आहे. या वेळी नापास झाले तर मामा दुकानात बसवणार, जन्मभर बटणं विकायला.

सुतार : अहो, त्या बोंबलताहेत.

शिकाऊ : छानच करतात त्या. परवा एकट्या सहा जणांचं कुटुंब झाल्या होत्या. आपापसात भांडल्यासुद्धा.

सुतार : मग मी कोण? मीपण परीक्षेतलाच?

शिकाऊ : तुम्हीच सांगा. आम्ही कुणावर ओळख लादत नाही.

सुतार : सुतार आहे हो मी. सकाळी घरून निघालो तेव्हा तरी होतो.

बाई : ऐक ना गं. मला बंद खोलीची भीती वाटते. लहानपणापासून.

शिकाऊ : हे... हे कुठल्याच धड्यात नाही.

बाई : नाही.

शिकाऊ : घरी फोन करू? कुणाला बोलावू?

बाई : कुणाला बोलावशील? या खोलीत मी सगळ्यांच्या आया, आज्या झाले. घरी एकटीच असते.

शिकाऊ : काका, दार काढा. चौकटीसकट काढा.

सुतार : आणि तुमची परीक्षा?

शिकाऊ : खड्ड्यात गेली परीक्षा. बाई, खाली बसा. दाराखालच्या फटीतून बोटं बाहेर काढा. हं, धरली.

बाई : आता काय विचारणार आहेस?

शिकाऊ : काहीच सुचत नाहीये हो.

बाई : नको विचारूस. सोडू नकोस फक्त.