फिटचा कागद

पोटाच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर शिवणकाम करणाऱ्या एक बाई फाईल उलटी धरून बसल्या होत्या. शेजारी एका क्रेनवाल्याची आणि त्याच्या थोरल्या बहिणीची जुंपली होती.

"मोठ्या आतड्याला सूज, परत रक्त पडतंय, आणि या साहेबांना हवाय कामाला फिट असल्याचा कागद."

"ताई, हळू बोल."

"गोळ्या का सोडल्यास?"

"दोन महिने बरा होतो ना."

"गोळ्यांमुळेच बरा होतास, शहाण्या."

"आता घेतो. कागद मिळाला की उद्यापासून क्रेनवर."

"वरून खाली उतरायला किती वेळ लागतो?"

"अकरा मिनिटं."

"आणि घाईची लागली की किती मिळतात?"

"मिळाली तर चार."

"मग उरलेली सात काय मुकादम धरून ठेवणार?"

"म्हणून तर कामाच्या आदल्या रात्रीपासून खातच नाही. नुसतं पाणी पितो."

"वा. म्हणजे चक्कर येऊन एका मिनिटात खाली येशील."

शिवणबाईंनी पिशवीतला डबा चाचपला. इथवर बसने यायचं होतं, म्हणून तो सकाळपासून उघडलाच नव्हता.

"ताई, आत गेल्यावर यातलं काही बोलू नकोस. महिनाभर घरी बसवलं तर माझी क्रेन दुसऱ्याला देतील."

"मी कशाला बोलू? तुझं पोट बोलेल."

तो उठला आणि घाईघाईने कोपऱ्यातल्या संडासाकडे गेला. कडी लागल्याचा आवाज आला, तेवढ्यात नर्सने दार उघडलं.

"क्रेनवाले कुठे गेले? फिटच्या कागदासाठी आलेत ना?"

"हो, तेच," बहीण म्हणाली. "जरा खाली उतरलेत."