योगराजच्या मनातले मांडे

उमराव : किती कणीक तिंबून रायली तू? गावजेवण आहे का?

कुंदाबाई : मंडईच्या जत्रेले पोरगा योगराज अन् सून रेणू येऊन रायले, दोन मांड्यांत भागते का? गावातल्या घरोघरी पाव्हणे आले. तुम्ही त्या उलट्या मडक्याखाली जाळ लावा आधी. थंड्या मडक्यावर मांडा बसत नाही.

उमराव : लावतो. घाई कायची?

कुंदाबाई : घाई काऊन नाही? सौंदडच्या टेसनात गाडी लागली का पोरगा उंबऱ्यातच. अन् यंदा बोलूनच घेते मी त्याच्याशी. बोडीकाठच्या, त्या लहान्या तळ्याजवळच्या आपल्या जागेवर दोन खोल्या बांध म्हणते. गोंदियाले नोकरी पाय, संध्याकाळी घरी ये. रेणूचं बाळंतपण इथंच. नातवाले मी न्हाऊ घालीन.

उमराव : बाजारात तुरी अन् भट भटणीले मारी. पोरीले अजून दिवस नाही गेले अन् तू पाळणा टांगून मोकळी.

कुंदाबाई : हसा. काल माह्या कानानं ऐकलं. गाईले पाणी पाजून येत होती, तुमच्या फोनमधून त्याचा आवाज आला, आईच्या मनातले मांडे का कायसं. मंग तुम्ही फोन घेऊन आंगणात गेले. एवढ्या दूर पुण्यात राहून पोरगा मांड्याची याद काढते. तवाच गहू भिजवले मी.

उमराव : कुंदा, हात थांबव जरा.

कुंदाबाई : कणीक सुकन.

उमराव : सुकू दे. तो येऊन नाही रायला.

कुंदाबाई : सुट्टी नाही भेटली? मंग पुढच्या मंडईले येईन.

उमराव : मीच त्याले सारा बेत सांगतला. खोल्या, नोकरी, नातू. तो म्हणे आमचं दोघांचं काम इकडं, आम्ही इकडंच राहू. आईले समजवा म्हणे, हे सारे मनातले मांडे आहेत. अवं, तशी म्हण आहे. मनातले मांडे म्हणजे जे मनातच भाजतात. ताटात काही पडत नाही.

कुंदाबाई : तुम्हाले कालच माहीत होतं?

उमराव : तू गाणं म्हणत गहू निवडून रायली होती. किती दिवसांनी ऐकलं तुझं गाणं. कोणत्या तोंडानं सांगू?

(कुंदाबाई कणकीवर ओलं फडकं टाकते.)

कुंदाबाई : मनातले कायले म्हणे तो? बारका होता तवा या चुलीपाशीच बसून राहे. मडक्यावरून मांडा निघाला का हात पोळले तरी सोडत नसे. मी त्याले मनातले कधी खाऊ घातले?

उमराव : त्याच्या पोटात तसं नव्हतं.

कुंदाबाई : मले त्याची लय याद येते, अवो.

उमराव : मलेबी येते. तुले हसलो खरा, पण काल फोन ठेवला अन् कुऱ्हाड घेऊन गेलो. बोडीकाठची सारी झुडपं तोडून आलो. कायले तोडली, ते मले विचारू नको.

कुंदाबाई : सारी जागा मोकळी केली?

उमराव : सारी. दोन खोल्या मावतील एवढी.

कुंदाबाई : लावा तो जाळ. अन् हात धुऊन पाटावर बसा. तुमच्या तरी ताटात पडू द्या.