हीटरचं तोंड

अरे, आमच्या पेणच्या गणपती कारखान्यात या थंडीत काय झालं, ऐक. मूर्तींचे डोळे आखताना बोटं काकडायची, म्हणून मी घरचा हीटर आणून पायाशी ठेवला. पण रोज चहा पिऊन परत आलो, की हीटरचं तोंड मूर्तींकडे! रंग वाळावा म्हणून मालक तात्यांनीच वळवला असणार, असं धरून मी तो तसाच ठेवायचो. चौथ्या दिवशी एका मूर्तीच्या पोटाला तडा गेला. तात्या उखडले, "हीटर तिकडे का केलास?"

"मी नाय, तुम्हीच ना?"

"मी कशाला करू?"

तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या विमलकाकू म्हणाल्या, "मी केला. याने डोळे रंगवले, आता गणपती टकामका बघत बसलाय. त्याच्यासमोर आपण एकट्यानंच शेकायचं व्हय?"

तात्यांनी मूर्तीकडे पाहिलं आणि हीटर तिच्यापासून फक्त दोन हात मागे सरकवला. आता तो हीटर घरी न्यायचा कसा, मलाच कळत नाय.