बसलेली कोंबडी उठवायची नाही

— हां हां, तिथे हात नका घालू अक्का, टोचेल. त्या तीन न्या, सुखानं न्या, स्वल्प ज्वारी दाखवली की आपल्या पायांनी टोपलीत जातील. काय म्हणता, अभिराजनं चारही न्या म्हणून सांगितलं? त्याला काय जातंय सांगायला, बापाला पुढे करून आपण गेटबाहेर गाडीत एसी लावून बसलाय — पण ही चौथी खुडूक आहे. बघा ना, अंग कसं चपटं करून बसलीय. जवळ गेलं की पिसं फुलवते, घशातल्या घशात गुरगुरते, आणि पोटाखाली हात घातला तर तवा — छातीची पिसं उपटून टाकलीत तिनं, अंड्यांना ऊब लागावी म्हणून. दाण्याला एकदा उठते की परत धावत जागेवर. तुम्ही निपाणीकडच्या, तुम्हाला मी काय सांगणार म्हणा.

खुडूक उतरवता येते की. आमची कौशल्या — बायको माझी, गेली ती — जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायची, पिंजरा विटांवर, आत गवत नाही, काही नाही. पोटाला खालून वारा लागला की दोन-चार दिवसांत खूळ जातं. पण ते आधी. एकदा खाली अंडी ठेवली की मग घर पेटलं तरी बसलेली कोंबडी उठवायची नाही, हा तिचा शब्द. आणि अभिराज बापाचं एक ऐकत नाही, पण आईचा शब्द मोडत नाही हो. म्हणून तर थांबला एवढे दिवस. बनशंकरीतलं हे घर विकलं ना — सही मीच केली, सरी, बरं म्हटलं अन् केली — मला नेणार सर्जापूर रोडला, अकराव्या मजल्यावर. मी म्हटलं, पिल्लं निघेपर्यंत थांब. थांबला. आज मात्र कोंबड्या न्यायला तुम्हालाच गाडीत घालून आणलं.

वाईट नाही फ्लॅट. सून चांगली, भव्या, चहा विचारते. पण दोघं दिवसभर कामाला. दार आपोआप लागतं, आणि कबुतरं येतात म्हणून बाल्कनीला जाळी — मागे थोडे दिवस तिथे राहिलो होतो तेव्हा त्या जाळीतून बोट बाहेर काढून बसायचो, वारा लागतोय का बघत. इथे जन्मभर शिवणाचं दुकान दारात, येणारा-जाणारा मल्हारराव म्हणून हाक मारतो. तिथे गेटवरचा माणूस रोज विचारायचा, कोणाकडे जायचंय. जीव घुसमटतो अक्का, खरं सांगतो.

अंड्यांसकट हलवते म्हणता? नको, थंड पडतील. कोंबडा? कोंबडा कुठला आता, पहाटे आरवतो म्हणून मागच्या बिल्डिंगवाल्यांनी कटकट केली, दिवाळीआधीच देऊन टाकला —

काय बघताय? ठेवा ते अंडं. उजेडाला नका धरू. ते निळं — हो, शिक्काच आहे. दुकानातली आहेत. बाकीच्यांचे लिंबानं पुसले मी, हा एक राहिला. नाही निघणार पिल्लं, मला काय कळत नाही? त्याला कळत नाही, कॉम्प्युटरवाल्याला, त्याला अंडं म्हणजे अंडं. रोज संध्याकाळी फोन, अप्पा, निघाली का? मी म्हणतो, निघतील की, घाई कसली.

हिला बघा हात लावून. हाड लागलं ना? अंगानं कशी भरलेली होती. अंडी खाली आहेत तोवर ही उठत नाही, आणि मी ती काढत नाही. रोज सकाळी ठरवतो, आज काढायची. मग दुपार होते. मरेल ती माझ्यापायी. दाणे हातावर धरले तरी बघत नाही आता, मान वळवते.

हॉर्न वाजवतोय.

सरका, मी काढतो. तुम्ही नको — शब्द मोडायचा तर मीच मोडतो. टोचू दे, टोचू दे. घ्या. पिंजऱ्यात ठेवा हिला, विटांवर, आणि गवत बिलकुल घालू नका. त्याला सांगा, पिल्लं निघाली होती. कुठायत विचारलं तर म्हणावं, घारीनं नेली. टोपली झाका. जा आता.