मनोऱ्याची मागची बाजू

नाही बसला! कुणाचा म्हणून कुणाचा विश्वास बसला नाही! तुम्हाला सांगते, घरात तीन शहाणी माणसं आणि बाहेर एक सहलवाला, चौघांना स्पष्ट सांगितलं, की बाबांनो, त्या मनोऱ्याला शिवण आहे... तर चौघांनीही मला असं वेड्यात काढलं, जसं काही मी पडद्याच्या जागी स्वतःचंच डोकं शिवून घेतलंय. अहो, तीस वर्षं मशिनीवर बसलेल्या बाईला शिवण कळणार नाही, तर कुणाला कळणार?

थांबा, मुळापासून सांगते, नाहीतर तुम्हीही तसंच कराल.

माझ्या दुकानात बटणांचा एक डबा आहे, पत्र्याचा. एक गिऱ्हाईक बिस्किटं देऊन गेली होती. बिस्किटं लेकीनं दोन दिवसांत संपवली, डबा बावीस वर्षं टिकला. झाकणावर मनोरा. परदेशातला, दगडाचा, वर घड्याळ, पायाशी चौक, चौकात कबुतरं. आणि मनोऱ्याच्या मागे? मागे काय ते दिसतच नाही! झाकण संपतं! दिवसातून पन्नास वेळा मी ते उघडते आणि मनात एकच, मागून कसा असेल हो हा? सवयच आहे मला, कापड हातात आलं की आधी उलटं करणार. शाळेत चौथीपर्यंत होते, तिथंही विचारलं होतं, "बाई, नकाशाच्या मागे काय असतं?" बाई म्हणाल्या, "भिंत. खाली बस." बसले ती मशिनीवरच बसले.

तर यंदा लेक म्हणाली, हिवाळ्याच्या सुट्टीत परदेशात जाऊ. नऊ दिवस, पाच शहरं. मी म्हटलं, मला पाच कशाला? मनोऱ्याचं तेवढं दाखवा, आणि मागून दाखवा. तर आमचे हे म्हणतात, "विमानानं एवढं लांब जाऊन मागे काय बघणार? मागे लोक कचऱ्याचे डबे ठेवतात." अहो, मग डबे बघीन! तिकडचे डबे कसे असतात ते तरी कळेल!

सहल आखायचं काम गेलं धाकट्या दिराकडे. भावोजी जन्मभर बसडेपोत गाड्या सोडायला होते, घरात त्यांना सगळे टाइमटेबलच म्हणतात, तोंडावर. निवृत्त झाले, पण वही सुटली नाही. डेपोत म्हणे गाडीला उशीर झाला की वहीत तीन रकाने भरायचे: किती उशीर, कारण काय आणि जबाबदार कोण. त्यातला जबाबदारचा रकाना रिकामा सोडलेला चालायचा नाही, कुणाचं तरी नाव पडलंच पाहिजे. तीच वही आता आमच्या जेवणाच्या टेबलावर! पहिलं शहर, कालव्यांचं. सात चाळीस, होडी. आठ पंचवीस, पूल. आठ एकतीस, दुसरा पूल. मी आपलं विचारलं, "भावोजी, दोन पुलांच्या मध्ये काय आहे?" झालं! उशीर, दोन मिनिटं. कारण, प्रश्न. जबाबदार, वहिनी. पहिल्याच पानावर सात वेळा वहिनी!

आणि मनोरा? तिसरं शहर, चाळीस मिनिटं, समोरून.

मी गप्प बसावं म्हणून लेकीनं माझ्या मोबाइलवर काहीतरी लावून दिलं. म्हणाली, "आई, हा तुझा चौक. तिथं कॅमेरा बसवलाय, आत्ता या क्षणी काय चाललंय ते दिसतं. कोपऱ्यात तिथली वेळ." अगं बाई! मोबाइल रिळांच्या पेटीला टेकवायचा आणि पाय मशिनीवर. एक म्हातारी रोज दोन कुत्री घेऊन येते. एक चालतं, एक बसून राहतं, आणि ती त्या बसलेल्याशीच बोलत राहते. काय सांगत असेल हो त्याला? एक झाडूवाला सगळा बर्फ या कोपऱ्यात लोटतो, मग दुसरा येतो आणि तोच बर्फ त्या कोपऱ्यात नेतो. का? कोण सांगणार! आठवडाभरात तीन पँटींचे खिसे मी उलटे लावले, पण चौक पाठ झाला.

आणि मग एक गोष्ट खुपायला लागली. मनोऱ्याच्या घड्याळात कायम दहा वाजून दहा मिनिटं. लेक म्हणाली, "जुनं आहे, बंद पडलं असेल." बरं. मग कबुतरं. मनोऱ्यावर बसायला जायची आणि घसरायची. दगडावरून कबुतर घसरतं कधी? मग एक दिवस सुटला वारा, आणि मनोऱ्याचं पोट फुगलं! झग्यासारखं! मी मोबाइल नाकाला लावला, आणि दिसली... डावीकडून, वरपासून खालपर्यंत, दुहेरी टाक्याची, सरळसोट शिवण!

धावत घरी गेले. तोवर वारा पडलेला, मनोरा आपला साळसूद उभा. ह्यांनी स्वतःचा चष्मा काढून पुढे केला, "हा घालून बघ." लेक म्हणाली, "आई, दगडांचे सांधे असतील." भावोजींनी वही उघडली. तिकिटं काढून देणाऱ्या सहलवाल्याला फोन केला, तर तो म्हणतो, "काकू, सहाशे वर्षांचा मनोरा आहे, त्याला शिवण कशी असेल?" म्हटलं, "सहाशे वर्षांत उसवला असेल!" फोनच ठेवला मेल्यानं!

दुसऱ्या दिवशी जेवताना मुद्दाम मोबाइल सगळ्यांच्या मध्ये उभा केला. खा आणि बघा म्हटलं. आणि काय सांगू तुम्हाला, मनोऱ्याच्या पायाशी दगड हलले, पडदा सारावा तसा एका माणसानं मनोरा बाजूला सारला, डोक्यावर कानटोपी, हातात वाफाळता कप, बाहेर येऊन उभा राहिला आणि जांभई दिली. लेकीचा घास हातात. ह्यांनी नुसता आपला चष्मा परत घेतला.

मग सहलवाल्यानं चौकशी केली. दुरुस्ती चाललीय, उन्हाळ्यापर्यंत मनोऱ्याभोवती परांची, आणि परांचीवर कापड, कापडावर मनोऱ्याचंच चित्र छापलेलं. "काकू, चित्र बघायला मिळेल." चित्र? चित्र बावीस वर्षं माझ्या डब्यावर आहे! त्यासाठी विमानात बसू?

भावोजींनी पेन उचललं, तिसऱ्या शहरावर काट मारायला. पण म्हटलं, "थांबा. मागे कापड नसणार."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? तीस वर्षं लोकांचे कोट शिवतेय, पडदे शिवतेय. प्रत्येक जण हेच सांगतो, बाई, समोरून झकास दिसू दे, मागचं कोण बघतंय! गिऱ्हाईक जगभर एकच. चौकाच्या बाजूला कापड लावलं असेल, मागच्या बाजूचं वाचवलं असेल."

हसले तिघं. पण सहलवाल्यानं तिथल्या दुरुस्तीवाल्यांना पत्र धाडलं, आणि चार दिवसांनी उत्तर. मागे अरुंद गल्ली आहे, तिकडून कापड लावलेलं नाही, खरा दगड दिसतो! वर विचारलंय, हे आपल्याला कुणी सांगितलं? आहे की नाही? आता सगळ्यांनाच मागून बघायचं! भावोजींनी जुनं पान फाडलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं: मनोरा, मागची बाजू, चार तीस, चाळीस मिनिटं. माझे डोळे भरून आले... आणि भरल्या डोळ्यांनीच मी ते परत वाचलं.

"भावोजी, तिथं साडेचारला मिट्ट काळोख असतो."

"वहिनी, साडेचारला कुठं काळोख असतो का?"

पुन्हा तेच! अहो, म्हातारी कुत्री घेऊन येते तेव्हा कोपऱ्यात पावणेचार झालेले असतात आणि चौकात दिवे लागलेले असतात, रोज बघते मी! मोबाइल धरला समोर. कोपऱ्यात चार वाजून दोन मिनिटं. दिवे, म्हातारी, बसलेलं कुत्रं. आणि गल्लीत? गल्लीतले दिवे दुरुस्तीमुळे बंद, पत्रातच लिहिलंय. लवकर जावं, तर आमची गाडीच तिथं पोचते चारला. बरं, सकाळी बघू म्हटलं, तर पुढची गाडी सव्वासातची, आणि तिथं उजाडतं साडेआठला. तिकिटं सुट्टीच्या गर्दीतली, बदलून मिळत नाहीत.

भावोजींनी वहीत तीन रकाने आखले आणि जबाबदारच्या रकान्याशी त्यांचं पेन अडलं. पस्तीस वर्षांत त्यांचं टाइमटेबल असं कधी तोंडघशी पडलं नव्हतं. रिकामा रकाना त्यांना बघवेना, मला त्यांचं तोंड बघवेना. म्हटलं, "लिहा माझं नाव, सवय आहे मला."

"नाही वहिनी," म्हणाले, "या वेळी तुमचं सगळं बरोबर होतं."

ऐकलंत? बरोबर होतं! काय उपयोग? मी आपली नवी बॅटरी बॅगेत टाकलीय. बावीस वर्षं थांबले, आता एवढ्याशा उजेडात एकेक दगड करून बघीन, आणखी काय. आणि भावोजींनी रकाने भरलेच, रिकामे कसे सोडतील? उशीर, सव्वा तास. कारण, गाडीच्या आधी उगवला नाही. जबाबदार, सूर्य.